चुलीकडून दाराकडे

परवा माझी नात माझ्या खाटेवर पालथी पडून पुस्तक वाचत होती. चित्रांचं पुस्तक, काळं-पांढरं, जपानी. शेवटच्या पानापासून सुरू करून ती पहिल्या पानाकडे चालली होती. मी म्हटलं, "अगं येडे, उलटं धरलंस." तर म्हणाली, "आजी, हे असंच वाचतात. उजवीकडून डावीकडे." आणि डोळे पुसले. काय झालं विचारलं, तर हिरोचा मोठा भाऊ मेला होता. धाकट्याला वाचवताना मेला, आणि आता हिरो नुसता बसून आहे. लढत नाही, जेवत नाही, बोलत नाही. "किती पानं झाली, नुसता बसलाय," असं रागानेच सांगत होती.

मला आधी हसू आलं. मग मी तिच्याशेजारी खाटेवर बसले. मी तिला म्हटलं, "हे उजवीकडून वाचायचं तुझ्या पणजीने आधीच शोधून काढलेलं." ती म्हणाली, "काहीही हं आजी." तिला वाटतं म्हातारी थापा मारते. थापा मारायचा माझा स्वभाव नाही, भांडायचा आहे. म्हणून जे झालं ते नीट लिहून ठेवते.

आम्ही उत्तनचे. वाळूला लागून आमचं घर होतं, रुंदीला कमी आणि लांबीला चांगलंच. दारातून आत शिरलं की चुलीपर्यंत सरळ चालत जायचं, मध्ये आडभिंत नाही. दार समुद्राकडे, चूल मागे डोंगराकडे, चुलीशेजारी मागचं दार. भिंती कुडाच्या, वरून शेणामातीने लिंपलेल्या. आत शिरताना डाव्या हाताची भिंत पावसात ओल धरायची, लिंपणाचे पोपडे पडायचे आणि वारा घरात शिरायचा. म्हणून त्या भिंतीवर आम्ही कागद चिकटवायचो. पिठाची खळ करायची आणि हाताला लागेल तो कागद लावायचा.

बाप मी लहान असतानाच आजाराने गेला. घरात आय, मोठा दादा, मधली मी आणि धाकटा. होडी काकाची आणि आमची मिळून. दादा होडीवर जायचा, मिसरूड फुटल्यावर धाकटाही जायला लागला. मी भाईंदरला जाऊन मॅट्रिकला बसले आणि गणितात आपटले. तेव्हापासून दादा मला मास्तरीण म्हणायचा. "नापास मास्तरीण, पाणी दे," असं चारचौघांत म्हणायचा आणि मी तांब्या आपटून पाणी द्यायचे. उंच माणूस होता, दारातून वाकून यायचा. आवाज चढवून बोललेला मला आठवत नाही. घरातला सगळा आवाज मीच करायचे.

दादा आठवड्यातून एकदा बसने भाईंदरला जायचा, सुताला, बर्फाला, इंजिनाच्या कसल्या कसल्या सामानाला. येताना स्टेशनाबाहेरच्या पेपरवाल्याकडून एक साप्ताहिक आणायचा. त्यातलं राजकारण कुणी वाचत नसे. त्याच्या शेवटच्या पानावर तळाला चित्रांची एक पट्टी असायची, एका ओळीत चार चौकटी. गोष्ट दोन भावांची. त्यांचा बाप दूर कुठल्याशा बेटावर कैदेत असतो आणि त्याला सोडवायला दोघं गलबत घेऊन निघतात. थोरला पट्टीचा पोहणारा, धाकट्याला पोहता येत नाही, आणि तरी हिरो तो धाकटाच. आमचा धाकटा त्या गोष्टीसाठी जीव टाकायचा. वीस वर्षांचा घोडा, दादाची बस यायच्या वेळेला रस्त्यावर जाऊन उभा राहायचा.

गोष्ट सुरू झाली तेव्हा पावसाळा होता, होड्या वर ओढलेल्या, माणसं घरात. दादाने भिंतीवर दारापासून चुलीपर्यंत जाळ्याचं सूत ताणून बांधलं आणि मला म्हणाला, "मास्तरीण, ह्या सुतावर लाव. सरळ आली पाहिजे गोष्ट." तेव्हापासून दर आठवड्याची पट्टी मी कापून आधीच्या पट्टीला चिकटून लावायला लागले. दारापाशी गोष्टीची सुरुवात, आणि गोष्ट चालत चालत चुलीकडे निघालेली. आमच्या वाड्यातली पोरं दारातून शिरायची आणि भिंत वाचत वाचत चुलीपाशी यायची, मग आय त्यांना पळवून लावायची.

आयला अक्षर येत नव्हतं. मी मोठ्याने वाचायचे तेव्हा ती मासळी साफ करत असायची आणि तिचं लक्ष नसायचं. फक्त पहिलं चित्र तिने नीट बघितलं होतं. त्यात दोघं भाऊ निघालेत आणि त्यांची आई दारात उभी आहे. ते बघून आय म्हणाली, "हिला काय काम न्हाय काय? पोरं गेली तरी उभीच. चूल कोण पेटवल?" आमच्या आयने कधी कुणाला दारात उभं राहून निरोप दिला नाही. होडी निघायच्या वेळेला ती चुलीपाशी पाठ करून बसायची. मागून हाक मारायची नाही आणि बघत बसायचं नाही, ही तिची रीत होती.

नाताळच्या आधी कधीतरी गोष्टीतला थोरला मेला. गलबत खडकावर फुटलं, एक फळी सापडली, त्याने धाकट्याला फळीवर ढकललं आणि स्वतः खाली गेला. शेवटच्या चौकटीत पाण्याच्या वर नुसता हात होता. मी वाचता वाचता थांबले. आमच्या धाकट्याने पट्टी माझ्या हातातून ओढून घेतली आणि परत परत बघितली.

पुढच्या आठवड्यात हिरो एका दगडावर बसलेला. त्याच्या पुढच्या आठवड्यात तोच दगड आणि तोच हिरो. चित्रकाराला काय झालं होतं कोण जाणे, आठवड्यामागून आठवडे त्याने पोराला उठवलं नाही. कधी समोरून काढायचा, कधी पाठमोरा, कधी नुसते गुडघे आणि त्यात घातलेलं डोकं. आमचा धाकटा वैतागला. "उठत का न्हाय हा? बाप तिकडं कैदेत हाय. हा बाईवानी बसलाय." मी म्हटलं, "बाई बसत नाही बाबा, बाईला बसायला वेळ कुठाय." दादा जाळं सांधत होता. सुई न थांबवता म्हणाला, "बसू दे रं त्याला. तुझं काय जातंय? आपसूक उठंल. ओढून उठवला तर पाय लटपटतील त्याचे." दादा इतकं बोलला की आम्हाला ते भाषण वाटायचं. म्हणून लक्षात राहिलं.

नाताळ झाला, नवं वर्ष लागलं. एके दिवशी सकाळी होडी गेली आणि दुपारी परत आली तेव्हा दादा तिच्यात नव्हता.

काकाने सांगितलं ते एवढंच. जाळं सोडताना त्याचा जाड दोर भराभर पाण्यात जात होता, त्याचा वेढा दादाच्या पायात अडकला. इंजिन बंद करेपर्यंत दादा खाली गेला. काका मागे इंजिनापाशी होता, त्याने नीट पाहिलं नव्हतं. पाहिलं ते धाकट्याने. तो दादाच्या शेजारी होता. त्याला विचारलं तर "दोर अडकला" एवढं म्हणाला आणि तोंड मिटलं. उत्तनच्या आणि शेजारच्या पालीच्या होड्या किती फिरल्या. दादा सापडला नाही.

धाकटा मागच्या दाराबाहेर जाऊन बसला. समुद्राकडे पाठ, डोंगराकडे तोंड. सकाळी बसायचा, ऊन अंगावर आलं तरी हलायचा नाही. मासळीला शिवेना, भाताला मीठ लावून दोन घास खायचा. काका येऊन समजावून गेला, मग येऊन ओरडून गेला. बायका पाणी भरायला जाताना मुद्दाम आमच्या मागच्या बाजूने जायच्या आणि कुजबुजायच्या, पोरगा कामातनं गेला म्हणून. एकीला मी हंड्यासकट अडवलं. "तुमच्या घरचं खातोय काय? बसलाय तर बसू दे. आमचा दादा सांगून गेलाय, बसू दे त्याला." ती बिचारी वरमली. मी आत येऊन रडले, कारण दादा हे कुणाबद्दल बोलला होता ते मला माहीत होतं. पण मला दुसरं काही धरायला नव्हतं, तेवढंच होतं.

आणि आय. आय रडलीच नाही. दुखवट्याचं काळं लुगडं नेसली नाही. चर्चचे फादर स्वतः घरी आले, दादासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, कधी करायची विचारायला. तिने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "ती मेलेल्यांची असती ना, फादर? माझा पोरगा भायेर गेलाय. येल." फादर माझ्याकडे बघायला लागले. मी कपबशा उचलल्या. ती दर आठवड्याला दादाचे सदरे पेटीतून काढायची, धुवायची, अंगणात बोंबील सुकवायची बांबूची वलांडी होती तिच्या टोकाला वाळत घालायची आणि घडी करून परत ठेवायची. मी एकदा म्हटलं, "आये, धुतलेलेच कशाला धुतेस?" तर म्हणाली, "आल्यावर घालंल काय? खारट वास मारतंय."

मला राग यायचा. दादाचा, समुद्राचा, दगडावर बसलेल्या त्या चित्रातल्या पोराचा, सगळ्यांचाच. भाईंदरला कुणी जात नव्हतं, साप्ताहिक येत नव्हतं. पट्टी चुलीपाशी येऊन थांबली होती, दगड आणि हिरो, दगड आणि हिरो. एका घरात दोन माणसं. एक मेलेल्याची वाट बघतंय आणि दुसरं त्याच्यामागे अर्धं गेलंय. मला वाटायचं, एकाला तरी ओढून काढता आलं तर बरं. पण कुणाला आधी आणि कसं, ते कळत नव्हतं. धाकट्याला तर रात्रीतून हाडं दिसायला लागली होती. हा काही पावसाळा बघत नाही, असं माझ्या मनात यायचं.

शेजारीण मासळी विकायला जाताना तिची तान्ही पोर आमच्याकडे ठेवून जायची. एक दिवस मी बाहेरून बोंबील उलटे करून आले तर आत आयचा आवाज. पोरीला मांडीवर घेऊन ती चुलीपाशी बसली होती आणि उलथनं भिंतीकडे करून तिला गोष्ट सांगत होती.

"हा बघ बाय, पोरगा रडतंय. एकटाच हाय. दगडावर बसलाय. हितं पन बसलाय. बसलाय. लई रडला बघ. आनि हे बघ, पाण्यातनं हात आला. कुनाचा हात? भाऊसचा. हा गेला बघ पाण्यात, फळीवर. धर रं, धर. आला बघ वर. दोघांनी मिळून फुटलेलं गलबत सांधलं. मग ही मारामारी हाय, ती सोड. मग निघाले. ऊन लागलं, पाऊस लागला, निघाले. आनि हे बघ, घर आलं. आय दारात उभी हाय त्यांची. दोघं आले घरी. जेवले आनि झोपले."

मी उंबऱ्यातच उभी राहिले. ती चुलीपाशी बसायची, तिला जवळची पट्टी आधी दिसायची, मग तिथून दाराकडे. तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं की गोष्ट दारातून सुरू होते. कुणाला सुचणार? ती इतके महिने त्या भिंतीसमोर भाकऱ्या थापत होती आणि तिच्या गोष्टीत रडणारा पोरगा बुडालेल्या भावाला वर काढून घरी आणत होता. मला तेव्हा सगळं कळलं. ते सदरे, ते "येल", मिस्सा नको म्हणणं. भिंतीने तिला सांगितलं होतं.

मी तोंड उघडलं होतं, "आये, उलटं बघतेस" म्हणायला. तेवढ्यात मागच्या दारात धाकटा दिसला. तो नुसता उभा होता. मी त्याला बाहेर ओढत नेलं. "ऐकलंस? ऐकलंस काय सांगतेय?"

"रोज सांगते," तो म्हणाला. "भिंतीपलीकडं मीच बसलोय ना."

किती दिवसांनी तो सबंध वाक्य बोलला होता. पण मी भडकले होते. आत जाऊन मासळी खरवडायची सुरी आणली आणि म्हटलं, सगळे कागद खरवडून काढते. मीच लावले, मीच काढते. त्याने माझं मनगट धरलं. हातात जोर नव्हता त्याच्या, पण सोडेना. म्हणाला, "नको, बाय. कागद काढून काय व्हनार? दुसरीकडं कुठंतरी बघंल. मी सांगतो तिला."

"काय सांगतोस?"

"सुरवातीपासून."

संध्याकाळी, अजून उजेड होता, तेव्हा त्याने आयला हाक मारली. "आये, हितं ये दारात." ती म्हणाली, "भात हाय चुलीवर." तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे." तो बोलला याचंच तिला इतकं आश्चर्य वाटलं असेल की ती हात पुसत उठली. तो दारात आला म्हणजे समुद्रासमोर आला, म्हणून त्याने मान भिंतीकडे वळवली. आयचा हात धरून पहिल्या चित्रावर ठेवला.

"हे काय हाय, आये?"

"घरी आले ते."

"न्हाय. हे निघालेत. हितनं सुरू हाय."

आयने त्याच्याकडे बघितलं, मग चित्राकडे. "मग ही बाई?"

"निरोप द्यायला आलीय."

मला वाटलं ती हात सोडवून घेईल. तिने घेतला नाही. तो एकेक चौकट सांगत पुढे सरकायला लागला, आणि ती त्याच्याबरोबर. निघाले, ऊन लागलं, पाऊस लागला, मारामारी. एक पाऊल, थांबायचं, बोट ठेवायचं, सांगायचं. तो वाचत नव्हता, त्याला सगळी भिंत पाठ होती. मी मागून चालत होते, कुठे पडलाच तर धरायला. घराच्या मध्यापुढे त्याचा आवाज बारीक व्हायला लागला. गलबत फुटलं. फळी आली. तो हाताच्या चौकटीपाशी आला आणि थांबला.

आय म्हणाली, "हात आला."

"गेला, आये. हात गेला."

मग तो भिंतीकडे तोंड करून बोलत राहिला, आणि आता तो चित्रातलं बोलत नव्हता. दोर पायात अडकल्यावर दादा होडीच्या काठाबाहेर गेला तेव्हा धाकट्याने त्याचा हात पकडला होता. दोन्ही हातांनी. दोर खाली ओढत होता आणि धाकटाही काठावरून बाहेर जायला लागला होता. अर्धा गेलाच होता. दादाने वर बघितलं. दुसऱ्या हाताने त्याने धाकट्याची बोटं एकेक करून उघडली. त्याचा हात जसा जाळं सांधताना चालायचा, तसा, न घाबरता.

एवढे दिवस त्याने हे पोटात ठेवलं होतं. मी खाली बसले. आय उभी होती. भात लागल्याचा वास यायला लागला, पण कुणी हललं नाही.

आयने विचारलं, "हात त्यानं सोडवला की तू सोडला?"

"त्यानं."

"बघितलास तू?"

"त्यानंच सोडवला, आये. मी न्हाय सोडला."

मग तिने त्याच्या मुठी बघितल्या. त्या वळलेल्या होत्या, मला वाटतं होडीवरून आला त्या दिवसापासून तशाच असतील, आमच्या लक्षात आलं नव्हतं. तिने त्याचा एक हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, "त्यानं सोडलाय ना? मग तू कशाला अजून धरून बसलायस?"

धाकटा रडला. आडदांड पोरगा, आयच्या खांद्यावर डोकं ठेवून गुरासारखा हंबरडा फोडून रडला. आणि मग आय रडली. मी तर आधीच रडत होते. तान्ही पोर घाबरून रडायला लागली, तिची आई धावत आली आणि आम्हाला बघून तीही रडली. रडून झाल्यावर आयने करपलेला भात वाढला आणि आम्ही तो जेवलो. आय घास कालवता कालवता परत रडायची आणि परत कालवायची. त्या भाताची चव मला अजून आठवते, आणि खोटं कशाला सांगू, मला तो गोड लागला.

दुसऱ्या दिवशी तिने वलांडीवरचे सदरे काढले आणि धाकट्याच्या पुढ्यात ठेवले. "घाल. ढगळ व्हतील, होऊ दे." मग काळं लुगडं नेसून स्वतः फादरांकडे गेली. दादाची मिस्सा झाली. सगळं गाव आलं होतं, मी हंड्यासकट अडवलेली ती बाईसुद्धा.

घरी आल्यावर आय भिंतीकडे बघत म्हणाली, "म्होरं काय झालं ह्याचं? ह्या दगडावरच्याचं?"

"म्होरचं आणलंच न्हाय," धाकटा म्हणाला.

"मग आण की."

मी त्याला एकट्याला जाऊ दिलं नाही. बसमध्ये तो खिडकीशी बसला आणि मिठागरं येईपर्यंत डोळे मिटून होता, डावीकडे समुद्र होता म्हणून. भाईंदरला स्टेशनाबाहेर पेपरवाल्याने त्याच्या अंगातला सदरा ओळखला की काय, त्याच्याकडे बघून म्हणाला, "वो लंबावाला किधर है? कितने हफ्ते से आया नहीं. उसका सब बाजू में रखा है मैंने." आणि फळीखालून सुतळीने बांधलेला गठ्ठा काढला. धाकटा गठ्ठ्याकडे बघत राहिला. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्याने मला हाताने थांबवलं. म्हणाला, "मेरा भाई था. दरिया में गया." बाहेरच्या माणसाला त्याने पहिल्यांदा सांगितलं. पेपरवाल्याने गठ्ठा दोन्ही हातांनी त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "अगला भी रखूंगा. तू आना."

दगडावरचा पोरगा उठला होता. गठ्ठ्यातले पहिले दोन-तीन अंक तो बसलेलाच होता, मग एका पट्टीत तो उठून पाण्यापर्यंत गेला आणि परत आला. पुढच्या आठवड्यात पाण्यात गेला. त्याला पोहायला येत नव्हतं ना, तो एकटाच शिकायला लागला. नाकातोंडात पाणी जायचं, खडकावर आपटायचा, परत जायचा. चित्रकाराने त्याचा चेहराही बदलला होता. डोळे तेच, हनुवटी तीच, पण आता तो थोडाथोडा त्याच्या भावासारखा दिसायला लागला होता. मी म्हटलं, "ह्याचं बरं आहे. ह्याला उठावंच लागतं, पुढच्या आठवड्यात छापायचा असतो." धाकटा पहिल्यांदा हसला. जुनं हसू नव्हतं ते, पण हसला. म्हणाला, "ह्याला पोहायला शिकायला सगळा दिवस हाय. मला काका जाळं सांधायला बोलावतोय."

चुलीपाशी भिंत संपली होती. आयने दाखवलं, कोपरा वळवून मागच्या दाराच्या भिंतीवर लाव. दादाचं सूत तिथपर्यंत पुरत नव्हतं, धाकट्याने दुसरं जोडून ताणलं. गाठ कोपऱ्यात आली. ती दिसायची, पण गोष्ट सरळ गेली.

त्या हंगामात तो समुद्रावर गेला नाही. काकाने सांधायला जाळं पसरलं की तो वाळूवर येऊन बसायचा, आधी लांब, मग पाण्याजवळ. कुणी काही बोललं नाही. मी बोलू दिलं नाही. पावसाळ्यात होड्या वर आल्या तेव्हा त्याने दादाच्या सुईने सगळं जाळं सांधलं, भोकाच्या कडेचे कुजलेले धागे कापून टाकत, आधी भोक मोठं करत आणि मग भरत. पाऊस ओसरला, होड्यांना रंग लागला, फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं. आदल्या दिवशी तो आयला म्हणाला, "उद्या जातोय मी." आय म्हणाली, "डब्यात काय देऊ?" बस, एवढंच.

पहाटे तो उठला. दादाचा ढगळ सदरा, बाह्या दुमडलेल्या. डबा घेतला आणि मागे न बघता दारातून बाहेर पडला. मला वाटलं, आय नेहमीसारखी चुलीपाशी पाठ करून बसेल. मी तिच्यासाठी पाट सरकवलासुद्धा. ती बसली नाही. ती भिंतीला हात लावत लावत दाराकडे गेली. हाताच्या चौकटीपाशी तिचा तळवा जरा थांबला, मग पुढे सरकला, पार पहिल्या चित्रापर्यंत. आणि तिथे दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

होडी ढकलली, इंजिन लागलं. काकाने हात केला. धाकटा पुढच्या टोकाला उभा होता, त्याने एकदा वळून घराकडे पाहिलं आणि त्याला दारात आय दिसली. जन्मात पहिल्यांदा दिसली. होडी लहान होत गेली, मग दिसेनाशी झाली. उजाडलं, कावळे वलांडीवर आले, शेजारच्या चुली पेटल्या. आय तिथेच.

मी म्हटलं, "आये, चूल कोण पेटवणार?"

"तू पेटव गो," ती म्हणाली. "मी हाय जरा हितं."